शके १८०२ आणि इसवी सन १८०२

या धाग्यात एरवी ताम्रपट, बखरी, किल्ले आणि मोडी कागद यांच्याविषयी बोलणे होते. आजच्या भागात एकही तलवार नाही आणि इतिहासही जेमतेम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. तो सांगण्याचे कारण खासगी आहे. या इतिहासाने गेल्या वर्षी माझ्या प्रबंधात एक घोडचूक घुसवली आणि ती माझ्या नावावर जमा झाली.

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एकोणिसाव्या शतकातील पंढरपूरची यात्रा हा विषय घेतला होता. पटकीच्या साथी, सरकारी बंदोबस्त आणि आगगाडीमुळे बदललेली यात्रेकरूंची वाट असा त्याचा पसारा. शोधाशोध करताना एका डिजिटल ग्रंथालयात एक चिमुकली पुस्तिका सापडली. आगगाडीने येणाऱ्या यात्रेकरूने कोणत्या स्थानकावर उतरावे, तेथून बैलगाडी कशी ठरवावी, भाडे किती द्यावे, अशी व्यवहारी माहिती. मुखपृष्ठाच्या छायाचित्रावर आणि शेजारच्या वर्णनातही स्वच्छ छापले होते : शके १८०२. म्हणजे इसवी सन १८८०-८१. मी मनाशी हिशेब केला, आनंदले आणि ब्राउझरच्या पट्टीवरील झोटेरोचे बटण दाबून पुस्तिकेची नोंद जतन केली.

सहा महिन्यांनी प्रबंधाचा मसुदा तपासताना मार्गदर्शक मॅडमनी संदर्भसूचीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. ‘अगं, १८०२ साली आगगाडी कुठली?’

खरेच कुठली? १८०२च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला आणि वर्ष सरता सरता त्याने वसईच्या तहावर सही केली. रिचर्ड ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन वेल्समध्ये रुळांवर धावले ते १८०४ साली. मुंबई-ठाणे गाडीला तर अजून अर्धे शतक बाकी होते. आणि माझ्या संदर्भसूचीत मात्र पंढरपूरच्या यात्रेकरूला स्थानकावर उतरून बैलगाडी करायला सांगितले जात होते.

घरी येऊन ते पान पुन्हा उघडले. ‘शके १८०२’ जागच्या जागी होते. मग कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबून पानाचा मूळ कोड उघडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या वरच्या भागात एक ओळ होती. तिच्यात ‘दिनांक’ या नावापुढे नुसता आकडा : १८०२. शक की सन, याचा उल्लेख नाही. पान माणसाला एक सांगत होते आणि यंत्राला दुसरे. झोटेरोने यंत्राचे ऐकले, मी झोटेरोचे ऐकले.

चूक माझी, हे मान्यच आहे. संदर्भ तपासून घेणे हे विद्यार्थ्याचे काम, बटणाचे नव्हे. पण मला प्रश्न पडला तो निराळा. ही ओळ माझ्यासमोर असूनही मला का दिसली नाही? ती न दाखवण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घेतला? शोधायला बसले तेव्हा कळले, की असा निर्णय एका दिवशी झाला नाही. त्यावर दहा-बारा वर्षे वाद झाला. बाजू मांडल्या गेल्या, प्रयोग झाले, रुसवेफुगवे झाले आणि शेवटी फारसा गाजावाजा न होता ब्राउझरांनी अंग काढून घेतले.

आधी वस्तू समजून घेऊ. वेबपानावर आपण वाचतो तो मजकूर असतो. ‘३ ऑगस्ट, सायंकाळी सहा वाजता, अमुक सभागृहात व्याख्यान’ हे वाचून आपल्याला वेळ, जागा, प्रसंग सगळे उमगते. यंत्राला ती केवळ अक्षरांची रांग असते. म्हणून पान लिहिणाराच कोडमध्ये खुणा करून ठेवतो : ही तारीख, हे स्थळ, हे वक्त्याचे नाव. अशा खुणांनी बांधलेल्या माहितीला संरचित माहिती, म्हणजे स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणतात.

कल्पना आपल्याला परकी नाही. पेशवेकालीन पत्र उघडा. मायना ठरलेला. ‘छ’ या अक्षरानंतर चंद्राची तारीख आणि अरबी महिना येणार. सुहूर सन आकड्यांनी नव्हे, अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला. शेवटी लेखनसीमा, आणि मोर्तब झाले म्हणजे पत्र संपले. कोणती गोष्ट पत्रात कुठे शोधायची हे कारकुनाला पाठ असे. फरक एवढाच, की या सगळ्या खुणा कागदावर, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होत्या. तारीख चुकली तर ज्याला पत्र आले त्यालाही ती दिसत होती.

वेबवर खुणा करण्याची पहिली मोठी शिस्त ग्रंथपालांनी घातली. मार्च १९९५मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी एक बैठक झाली आणि तिच्यातून ‘डब्लिन कोअर’ निघाले. (आयर्लंडच्या राजधानीचा येथे काही संबंध नाही. मीही बरेच दिवस तसेच समजत होते.) शीर्षक, कर्ता, प्रकाशक, दिनांक, भाषा असे मोजके पंधरा रकाने. माझ्या पुस्तिकेचा ‘दिनांक’ याच घराण्यातला.

त्यानंतर महत्त्वाकांक्षा वाढली. १९९९मध्ये आरडीएफ हे मानक आले आणि मे २००१मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लॅसिला यांच्यासह ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ‘सिमँटिक वेब’चे स्वप्न मांडले. त्या लेखाची सुरुवात एका घरगुती प्रसंगाने होते. आईच्या उपचारांच्या वेळा भावंडांसाठी त्यांचे संगणकच परस्पर ठरवून टाकतात, कारण दवाखान्यांची पाने यंत्राला समजतील अशी लिहिलेली असतात.

त्याच वर्षी कोरी डॉक्टोरो यांनी ‘मेटाक्रॅप’ नावाचा एक खवचट निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. स्वतःविषयीची माहिती भरताना लोक खोटे बोलतात, आळस करतात आणि चुकतात. पुरावाही ताजा होता. पानाच्या अदृश्य भागात ‘कीवर्ड’ लिहिण्याची सोय होती आणि तिचा एवढा गैरवापर झाला, की शोधयंत्रांनी तिच्यावर विश्वास ठेवणे सोडले. गूगलने तर २००९मध्ये जाहीरच सांगितले, की क्रमवारी लावताना आम्ही तो रकाना वाचतच नाही. जे वाचकाला दिसत नाही ते भरताना लाज वाटण्याचे कारण उरत नाही, असा हा अनुभव होता.

या अनुभवातून धडा घेतला तो मायक्रोफॉरमॅटवाल्यांनी. जून २००५मध्ये टँटेक चेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चळवळ जाहीरपणे सुरू केली. मला या साऱ्या कथेत तिच्याविषयीच सर्वाधिक आपुलकी आहे. त्यांची भूमिका अशी, की माहिती आधी माणसासाठी असावी, मग यंत्रासाठी. वेगळा गुप्त रकाना नको. पानावर जे दिसते त्यालाच खूण करा. ‘सायंकाळी सहा’ हे शब्द दिसत आहेतच, त्यांच्याभोवती एक नाव गुंफा. लपवलेली माहिती कुजते, दिसणारी माहिती कोणीतरी दुरुस्त करतो. हे वाक्य माझे आहे, पण त्यांच्या तत्त्वाचा अर्थ हाच.

आता ब्राउझर रंगमंचावर येतो. खुणा केल्या, पण त्यांचा वाचकाला उपयोग काय? डिसेंबर २००६मध्ये मायकेल केप्ली यांचे ‘ऑपरेटर’ हे फायरफॉक्सचे पूरक साधन मोझिला लॅब्सने पुढे आणले. पानावर पत्ता असेल तर नकाशाचे बटण जागे होई, कार्यक्रम असेल तर दिनदर्शिकेचे, माणसाचे नाव असेल तर संपर्कवहीचे. मोझिलातील रचनाकार अ‍ॅलेक्स फाबोर्ग यांनी याच सुमारास मांडले, की ब्राउझर केवळ पाने दाखवणारी खिडकी न राहता माहितीचा मध्यस्थ व्हावा. पानावरची तारीख उचलून तुमच्या दिनदर्शिकेत ठेवण्याचे काम त्याने करावे. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत हे येणार, अशी हवा तयार झाली.

१७ जून २००८ रोजी ती आवृत्ती आली. चोवीस तासांत ८० लाखांहून अधिक डाउनलोड झाल्याचा विक्रमही नोंदला गेला. तिच्या पोटात मायक्रोफॉरमॅट वाचणारी यंत्रणा होती, पण ती पूरक साधने लिहिणाऱ्यांसाठी. सामान्य वाचकाला दिसेल असे एकही बटण नव्हते. घराला विहीर खणली, पण रहाट बसवला नाही, असा प्रकार.

आणि त्याच महिन्यात, दिसणाऱ्या माहितीच्या या पक्षाला त्यांच्याच तत्त्वाने एक फटका दिला. बीबीसीने आपल्या कार्यक्रमांच्या पानांवर मायक्रोफॉरमॅटच्या खुणा केल्या होत्या. अडचण तारखेची होती. माणसाला ‘आज सायंकाळी सात’ पुरते, यंत्राला वर्ष-महिना-दिवस-तास असा सलग साचा लागतो. तो साचा संक्षेपाच्या टॅगमध्ये, त्याचा जणू विस्तार म्हणून, ठेवण्याची युक्ती काढलेली होती. ज्यांना डोळ्यांनी दिसते त्यांना त्याचा त्रास नव्हता. पण दृष्टिहीन वाचक पान वाचून दाखवणारी आज्ञावली वापरतात आणि तिच्यात संक्षेपांचा विस्तार वाचण्याची सोय चालू असली, की कानावर आकडे, आडव्या रेघा आणि मध्येच एक टी अशी निरर्थक माळ पडे. बीबीसीने जून २००८मध्ये त्या खुणा काढून टाकल्या. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. जगभरचे तज्ज्ञ यंत्राला काय समजेल यावर वाद घालत असताना एका संस्थेने विचारले, की हे ऐकणाऱ्या माणसाला काय समजते?

पुढचा अंक अधिक कडवट आहे. ऑक्टोबर २००८मध्ये आरडीएफए नावाची पद्धत डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक झाली. तिचे म्हणणे असे, की कोणत्या खुणा असाव्यात हे एका मंडळाने ठरवू नये. ग्रंथपाल, संगीतकार, रसायनशास्त्रज्ञ, ज्याने त्याने आपला शब्दकोश करावा आणि प्रत्येक शब्दाला स्वतःचा पत्ता द्यावा. क्रिएटिव्ह कॉमन्सला हे हवे होते, कारण छायाचित्राचा परवाना छायाचित्रालाच चिकटलेला असावा आणि ब्राउझरने तो ओळखावा, अशी त्यांची इच्छा होती. बेन अडिडा आणि मनू स्पोर्नी ही या बाजूची ठळक नावे. एचटीएमएल-५चे संपादक होते इयन हिकसन, आणि ते गूगलमध्ये काम करत. त्यांनी वारंवार एकच विचारले : यामुळे वापरणाऱ्याची कोणती नेमकी अडचण सुटते? पत्ते जोडण्यासाठी आरडीएफएमध्ये उपसर्गांची पद्धत होती. साध्या पान लिहिणाऱ्याला ती झेपणार नाही, तो एकाचे पाहून दुसरीकडे चिकटवणार आणि उपसर्गाची घोषणा मागेच राहणार, असाही आक्षेप होता.

महिनोन्महिने जाहीर पत्रव्यवहार चालला. तो वाचताना मला राजवाडे-पारसनीसांच्या काळातील वादांची आठवण झाली. तोच आवेश, तीच तळटीपांची मारामारी, आणि अधूनमधून प्रतिपक्षाच्या हेतूंविषयी शंका. मे २००९मध्ये हिकसन यांनी आरडीएफए न घेता स्वतःची ‘मायक्रोडेटा’ ही तिसरी पद्धत एचटीएमएल-५मध्ये घातली. त्याच महिन्यात गूगलने शोधनिकालांत परीक्षणांसारखे ठळक तुकडे दाखवण्यासाठी मायक्रोफॉरमॅट आणि आरडीएफए वाचायला सुरुवात केली. म्हणजे एकाच कंपनीत काम करणारे लोक निरनिराळ्या बाजूंना उभे होते. इतिहासात ‘इंग्रजांचा डाव’ किंवा ‘दिल्लीचे कारस्थान’ असे एकवचनी शब्द वापरताना मी हल्ली दोनदा विचार करते.

हिकसन यांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. ज्याचा उपयोग सांगता येत नाही ते जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये का कोंबावे? पण उपयोग कोणाचा मोजायचा, येथे खरी मेख होती. कोट्यवधी लोकांना हवे ते ‘गरज’ ठरते आणि काही हजार ग्रंथपाल, अभ्यासक, अभिलेखपाल यांना हवे ते ‘अपवाद’. आमच्यासारख्यांची बाजू मांडली गेली नाही असेही नाही. ती मांडली वेबतंत्रज्ञ पीटर-पॉल कॉख यांनी. ते मुळात इतिहासाचे शिक्षण घेतलेले.

एचटीएमएल-५मध्ये वेळ आणि तारीख यांसाठी ‘टाइम’ नावाचा टॅग येत होता. २००९मध्ये कॉख यांनी त्यावर सविस्तर लिहिले आणि इतिहासकारांच्या दृष्टीने तो कसा अपुरा आहे ते दाखवले. तारीख ग्रेगोरियनच असली पाहिजे. इसवी सनापूर्वीचे वर्ष चालणार नाही. आणि तेव्हाच्या मसुद्यानुसार दिवस, महिना, वर्ष तिन्ही ठाऊक असले पाहिजेत.

हे नियम आपल्या अंगणात आणून पाहा. अशोकाच्या राज्याभिषेकाचे वर्ष या टॅगमध्ये लिहिताच येत नाही. ‘सुमारे शके ११००’ असा शिलालेखाचा काळ लिहिता येत नाही. आणि शिवजन्माची तारीख? फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. आपण तिला १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, पण ती ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. ग्रेगोरियन गणिताने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. टॅगमध्ये ‘१६३०-०२-१९’ लिहिले, तर नियमानुसार त्याचा अर्थ ग्रेगोरियन १९ फेब्रुवारी असा होतो, म्हणजे दहा दिवस आधीचा दिवस. ज्या तारखेवर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, ती तारीख यंत्र निःशंकपणे चुकीची समजून घेते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०११च्या ऑक्टोबरात हिकसन यांनी हा टॅगच काढून टाकला. मोठी ओरड झाली आणि काही आठवड्यांच्या आत तो परत आला. परत येताना नुसते वर्ष किंवा वर्ष आणि महिना लिहिण्याची मुभा मिळाली. ग्रेगोरियनची अट मात्र तशीच राहिली. शक, हिजरी, सुहूर यांना आजही त्यात जागा नाही. माझ्या ‘१८०२’चा उगम येथे दिसू लागतो. नोंद भरणाऱ्याने शके १८०२ वाचले, रकान्याला चार आकडी वर्ष हवे होते, त्याने तेच चार आकडे टाकले. यंत्राने तक्रार केली नाही, कारण १८०२ हे निर्दोष वर्ष आहे.

वादाचा निकाल दुसऱ्याच दारातून आला. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दकोश जाहीर केला. खुणा आम्ही सांगू त्या करा, मग तुमचे पान शोधनिकालांत उठून दिसेल. या उपक्रमामागचे एक प्रमुख नाव आर. व्ही. गुहा. आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, आरडीएफच्या जडणघडणीत आणि १९९९मध्ये नेटस्केपमध्ये आरएसएसच्या जन्मात त्यांचा हात होता. त्यांच्याविषयी स्वतंत्र भाग लिहिण्यासारखा आहे.

ब्राउझरांनी थोडी धडपड केली. डिसेंबर २०११च्या ऑपेराने आणि ऑक्टोबर २०१२च्या फायरफॉक्स १६ने मायक्रोडेटा वाचण्याची सोय पानांतील कोडला दिली. वाचकाला दिसणारे त्यातही काही नव्हते. सोय पडून राहिली आणि सप्टेंबर २०१६मध्ये फायरफॉक्स ४९मधून ती काढण्यात आली. दरम्यान जानेवारी २०१४मध्ये जेएसओएन-एलडी मानक झाले होते. यात माहिती दिसणाऱ्या मजकुराभोवती गुंफायचीच नसते. पानात एक वेगळा खोका ठेवायचा आणि त्यात यंत्रासाठी सगळे पुन्हा लिहायचे. लिहिणाऱ्याला सोपे, म्हणून गूगल आज याचीच शिफारस करते. मायक्रोफॉरमॅटवाल्यांनी ज्या अंधाऱ्या कोठडीतून माहिती बाहेर काढली होती, तिथेच ती पुन्हा गेली. यावेळी कोठडी नीटनेटकी आहे, इतकेच.

ब्राउझरने काही दाखवले तर काय होते, याचे उदाहरणही याच इतिहासात आहे. आरएसएसचे नारिंगी चिन्ह. पानाला नव्या लेखांची यादी जोडलेली असेल तर फायरफॉक्स आणि पुढे इंटरनेट एक्सप्लोरर ७ ते चिन्ह दाखवत. यादी बिघडली की वाचक कळवत, कारण तिला वाचक होते. मग २०११मध्ये फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीवरून ते चिन्ह गेले आणि २०१८च्या डिसेंबरात उरलीसुरली सोयही काढली गेली. त्यानंतर किती संकेतस्थळांच्या याद्या मुक्याने बंद पडल्या, हे आपणच आठवून पाहावे.

आज त्या हरलेल्या कल्पनेचा एक अवशेष माझ्या ब्राउझरच्या कोपऱ्यात आहे. झोटेरो. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातल्या लोकांनी, म्हणजे आपल्याच जातकुळीच्या माणसांनी, ऑक्टोबर २००६मध्ये ते फायरफॉक्सचे पूरक साधन म्हणून आणले. पानात दडलेली माहिती वाचून ते सांगते : हे पुस्तक, हा वृत्तपत्रातील लेख, हा नियतकालिकातील निबंध. बटणाचे चित्रही त्याप्रमाणे बदलते. ब्राउझरने जे करावे असे फाबोर्ग म्हणत होते, ते इतिहासकारांनी स्वतःपुरते करून घेतले. पण बटण ‘पुस्तक’ एवढेच दाखवते. त्या पुस्तकाचे वर्ष कोणते आहे, हे नोंद जतन होण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

म्हणून मला वाटते, की २००८मध्ये ब्राउझरांनी रहाट बसवला असता, पानावरची दडलेली तारीख एखाद्या लहानशा पट्टीत दाखवली असती, तर माझ्या आधी त्या पुस्तिकेपर्यंत पोहोचलेल्या कोणीतरी ‘शके १८०२’च्या शेजारी ‘१८०२’ पाहिले असते, हसले असते आणि दोन ओळींचे पत्र लिहिले असते. हे अनुमान आहे, सिद्ध करता येणार नाही. उलट बाजूने कोणी म्हणेल, की त्या पट्टीत जाहिरातदारांनी काय काय भरले असते ते पाहायला नको. तेही खरे. तरी शोधयंत्र हा एकच वाचक उरल्यावर, त्याला ज्याची पर्वा तेवढेच दुरुस्त राहते. त्याला पाककृतीचे तारे लागतात आणि विमानाची वेळ लागते. पंढरपूरच्या बैलगाडीचे वर्ष चुकले तरी त्याचे काही अडत नाही.

मसुदा मी सुधारला. आता प्रत्येक नोंद जतन केली की मूळ पानाशी ताडून पाहते, आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत वर्षाच्या रकान्यात सन लिहून शक शेजारच्या टिपेत ठेवते. प्रबंधाला आणखी तीन आठवडे लागले, कारण एक १८०२ सापडल्यावर बाकीच्या २१२ नोंदी तपासणे भाग होते. त्यात आणखी चार निघाल्या. एका नोंदीत तर पुस्तक छापल्याचे नव्हे, त्याची छायाचित्रे घेतल्याचे वर्ष होते.

त्या ग्रंथालयालाही पत्र लिहिले. दोन गोष्टी कळवल्या : पानावरील वर्णनात लेखकाच्या नावात एक काना सुटला आहे, आणि कोडमधील दिनांकात शक वर्ष सन म्हणून पडले आहे. कोडमधली ती ओळही उतरवून पाठवली. आठवडाभरात आभाराचे सौजन्यपूर्ण उत्तर आले.

हा भाग लिहिण्यापूर्वी काल रात्री ते पान पुन्हा उघडले. लेखकाच्या नावात काना आला आहे. कंट्रोल आणि यू दाबले. १८०२ तसेच आहे.